मेंडोलिनचा भरवशाचा आराखडा कसा ओळखावा

सिंधुदुर्गात लाकूडकाम जाणणारा माणूस मुद्दाम शोधावा लागत नाही. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी, फळं आणि लाखेचं रंगकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. मालवण-देवगडच्या खाड्यांकाठी होड्या बांधणारे सुतार वाकड्या फळ्यांचा सांधा असा बसवतात की त्यातून पाणी शिरत नाही. फणस, सागवान, शिवण ही झाडं तर परसातली. तरीही इथल्या एखाद्या हौशी माणसाने स्वतः मेंडोलिन बनवायचं मनावर घेतलं की तो पहिल्याच पायरीवर अडतो, कारण मापं सांगणारं जवळपास कोणी नसतं.

सतारीची गोष्ट वेगळी आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार आणि तंबोरे बनत आले. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातले कारागीर पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने या कामाकडे वळले, आणि त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतलं जातं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे नवा मुलगा वडिलांच्या शेजारी बसून शिकतो. दांडी किती रुंद, तबली म्हणजे वरची आवाजाची फळी किती पातळ, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कुठे, हे त्याच्या हातात हळूहळू उतरतं आणि त्याला कागदाची गरज फारशी पडत नाही. मेंडोलिनसाठी असं घराणं कोकणात नाही. म्हणून इथल्या माणसाला कागदावरच विसंबावं लागतं आणि कागद पारखायलाही शिकावं लागतं.

पारखायला शिकता येतं, हेच मला या लेखात सांगायचं आहे. आराखडा कोणी विकला किंवा त्यावर कुठल्या प्रसिद्ध वाद्याचं नाव आहे, यावर त्याचा भरवसा ठरत नाही. फुटपट्टी, गुण्या आणि शाळेतलं गणित यांच्या जोरावर तो घरच्या घरी तपासता येतो.

सगळ्यात आधी कुठलं मेंडोलिन हवं ते ठरवा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर वादक म्हणून सिनेमाच्या वाद्यवृंदात आले ते मेंडोलिन घेऊन. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी याच वाद्यावर राग वाजवले. कर्नाटक संगीतात यू. श्रीनिवास यांनी जे वाजवलं ते विजेवरचं, एकेरी पाच तारांचं होतं. त्याचा आराखडा नेहमीच्या मेंडोलिनला चालत नाही. नेहमीच्या मेंडोलिनला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि त्या व्हायोलिनच्याच सुरांत लागतात. त्यातही इटलीच्या नेपल्स शहरात अठराव्या शतकात विनाचिया घराण्याने घडवलेलं, पाठीला कलिंगडाच्या फोडीसारखा फुगीर आकार असलेलं मेंडोलिन वेगळं आणि अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन यांनी व्हायोलिनसारखी तबली कोरून बनवलेलं वेगळं. गिब्सन यांना त्याचं पेटंट १८९८ साली मिळालं. पुढे गिब्सन कंपनीत लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये एफ-५ हा नमुना आला आणि आज विकत मिळणाऱ्या बहुतेक आराखड्यांना त्याचंच वेड आहे.

पहिल्या वाद्यासाठी एफ-५ घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या खांद्यावरची गोल गुंडाळी आणि टोकदार कोपरे आवाजात नावापुरतीच भर घालतात, पण कामाचे महिने वाढवतात. शिवाय ते अंग दोन्ही बाजूंनी सारखं नसल्याने अर्धा साचा काढून उलटवण्याची सोय राहत नाही. ए-पद्धतीचं, म्हणजे थेंबाच्या आकाराचं मेंडोलिन घ्या. मधली रेघ मारायची, एका बाजूचा साचा काढायचा, उलटा ठेवायचा, दुसरी बाजू आपोआप जुळते. कोरीव तबलीऐवजी सपाट तबलीचा आराखडा मिळाला तर आणखी बरं.

आराखडा मिळवायचे मार्ग थोडेच आहेत. अमेरिकेतली गिल्ड ऑफ अमेरिकन लूथियर्स ही वाद्यकारांची संस्था १९७२ पासून काम करते आणि वाद्यांचे पूर्ण आकाराचे आराखडे विकते. ओहायोतली स्टुअर्ट-मॅकडोनाल्ड ही वाद्यसामानाची कंपनी मेंडोलिनचे आराखडे आणि जुळणीचे संच ठेवते. पुस्तकांत रॉजर सिमिनॉफ यांचं कोरीव मेंडोलिनवरचं पुस्तक १९७३ साली आलं आणि त्याने हौशी वाद्यकारांच्या पिढ्या घडवल्या. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम मॅकडोनाल्ड यांचं ‘द मेंडोलिन प्रोजेक्ट’ हे पुस्तक सपाट तबलीपासून सुरुवात करणाऱ्याला जास्त जवळचं वाटेल. यांच्याखेरीज फुकट फिरणारी असंख्य रेखाटनं आहेत. त्यातली काही उत्तम असतात, पण पुष्कळशी फोटोवरून गिरवलेली असतात. फोटोत कॅमेऱ्याजवळची बाजू मोठी दिसते, म्हणून अशा रेखाटनात बाह्याकार देखणा आणि मापं खोटी असा प्रकार होतो.

आता तपासणीकडे वळू. कागद हातात आला की पहिला प्रश्न: तारेची लांबी आकड्यात लिहिली आहे का? नटपासून, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाच्या ज्या आडव्या पट्टीवरून तारा उतरतात तिच्यापासून, घोडीपर्यंतचं अंतर ते तारेची लांबी. इटालियन मेंडोलिनात ते साधारण ३३० मिमी असतं, गिब्सन पद्धतीत पावणेचौदा इंचांपेक्षा किंचित जास्त, म्हणजे सुमारे ३५२ मिमी. हा आकडा जो आराखडा सांगत नाही तो बाजूला ठेवावा. सगळी मापं याच एका आकड्यावर उभी असतात.

तो आकडा मिळाला की कागदाची एक पट्टी बरोबर तेवढ्या लांबीची कापा. ती मधोमध दुमडा. नटपासून घडीपर्यंतचं अंतर आराखड्यातल्या बाराव्या पडद्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. पुन्हा दुमडून चौथा हिस्सा केला तर तो पाचव्या पडद्याजवळ येतो आणि तिसरा हिस्सा सातव्या पडद्याजवळ. ३५२ मिमीच्या हिशेबाने पाचवा पडदा ८८.३ मिमीवर, सातवा ११७.१ वर आणि बारावा १७६ वर यायला हवा. घडी आणि पडदा यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर चित्रकाराने पडदे अंदाजे मारले आहेत, असं खुशाल समजा.

पडद्यांचं गणित नीट समजून घेण्यासारखं आहे. सप्तक बारा समान पायऱ्यांत वाटायचं तर प्रत्येक पायरीला उरलेली तार ठरावीक प्रमाणात कमी होते. हिशेबाची सोपी रीत अशी: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, येईल तेवढं अंतर पुढचा पडदा. ३५२ ला भागलं की १९.८ मिमी, तो पहिला पडदा. उरले ३३२.२, त्याला पुन्हा भागायचं. जुने कारागीर १७.८१७ ऐवजी सरळ १८ ने भागत. सोळाव्या शतकात व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी, म्हणजे शास्त्रज्ञ गॅलिलिओच्या वडिलांनी, ल्यूट या तंतुवाद्यासाठी ही रीत सांगितली होती. तोंडी हिशेबाला ती सोयीची, पण ३५२ मिमीच्या तारेवर तिने बारावा पडदा १७४.७ वर पडतो. घोडी कागदावर दाखवलेल्या जागी ठेवली तर वरचा षड्ज अर्ध्या स्वराच्या आठव्या भागाएवढा उतरलेला लागतो, आणि बरा कान असणाऱ्याला ते टोचतं. जुन्या आराखड्यांत हा दोष भेटतो. तेवढ्यासाठी चांगला आराखडा टाकून देऊ नये. पडदे स्वतः मोजून काढावेत आणि कागदावरच्या पडद्यांकडे बघूच नये. मोजताना मात्र प्रत्येक पडद्याचं अंतर नटपासून मोजा. एका पडद्यापासून पुढचा असं मोजत गेलात तर दर वेळची बारीक चूक साठत जाते आणि वरच्या पडद्यांपर्यंत ती कानाला कळण्याइतकी होते.

दुसरी कसोटी बाजूच्या चित्राची. समोरून दिसणारं मेंडोलिन सगळेच काढतात, पण मधोमध उभं कापलं तर आत काय दिसेल ते चित्र ज्यात नाही तो आराखडा नव्हे, शोभेचं चित्र आहे. या छेदचित्रात दांडीचा कोन असतो. दांडी अंगाला सरळ रेषेत जोडलेली नसते, किंचित मागे कललेली असते आणि म्हणूनच तारा घोडीवर पुरेशा उंचीने चढतात. कोरीव मेंडोलिनची घोडी साधारण १६ ते १९ मिमी उंच असते. कोन आणि उंची जुळतात का ते पाहायला पडद्यांच्या माथ्यावरून जाणारी रेघ पट्टीने घोडीपर्यंत वाढवायची. दांडी पंधराव्या पडद्यापाशी अंगाला मिळत असेल तर तिथून घोडीपर्यंत १४८ मिमी उरतात. एवढ्या अंतरावर कोनात एका अंशाची चूक झाली की घोडीची उंची अडीच मिमीने चुकते. तारा एकतर बोटाने दाबल्या जाणार नाहीत किंवा पडद्यांना घासून झणझणतील. या एका जागी आराखड्यातला कोन आणि घोडीची उंची एकमेकांशी विसंगत असतील तर बाकी कितीही सुबक असला तरी त्यावर लाकूड कापू नका.

याच छेदचित्रात तबलीची जाडी आणि तिच्याखालच्या आधारपट्ट्या दाखवलेल्या हव्यात. मेंडोलिन दिसायला नाजूक, पण आठ तारांचा मिळून ताण साठ ते ऐंशी किलोंचा असतो आणि त्यातला वीसेक किलोंचा भार घोडीतून सरळ खाली तबलीवर येतो. कोरीव तबली मध्यभागी साडेचार-पाच मिमी आणि कडेजवळ अडीच-तीन मिमी ठेवतात. जाडीचा एकच आकडा देऊन मोकळा होणारा आराखडा अपुरा आहे. नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तशा जाडीच्या रेषा त्यात हव्यात. आधारपट्ट्यांची जागा, रुंदी आणि उंचीही आकड्यांत हवी.

तिसरी गोष्ट छपाईची, आणि इथे चांगले आराखडेही फसतात. मेंडोलिनची एकूण लांबी ७०० मिमीच्या आसपास, म्हणजे ए-१ आकाराचा कागद लागतो. कुडाळ, सावंतवाडी, ओरोसला घरांचे नकाशे काढणाऱ्यांकडे मोठा प्लॉटर असतो, तिथे छापून घेता येतं. छापताना ‘कागदात बसवा’ असा पर्याय चालू राहिला तर सगळं दोन-तीन टक्क्यांनी आक्रसतं. तीन टक्के म्हणजे ३५२ ची तार ३४१ वर येते. खुंट्यांच्या भोकांमधलं २३ मिमीचं अंतर २२.३ होतं आणि पट्टीवर जडवलेल्या चार खुंट्या त्या भोकांत शिरतच नाहीत. म्हणून आराखड्यावर आडवी आणि उभी अशी १०० मिमीची खूण आहे का बघा, नसेल तर छापण्याआधी संगणकावरच काढून घ्या, आणि छापल्यावर दोन्ही दिशांनी स्टीलच्या पट्टीने मोजा. आडवी बरोबर आणि उभी चूक असंही होतं. इंचाच्या चौसष्टाव्या हिस्स्यांत दिलेली मापं एकदाच मिमीत करून कागदावर लिहून ठेवा. काम चालू असताना दोन पद्धतींत उड्या मारू नयेत.

कोकणात आणखी एक अडचण: कागद स्वतः दमट हवेत फुगतो. जूनमध्ये छापलेला आराखडा जुलैत मोजला तर वेगळा भरतो. मापं बरोबर असल्याची खात्री झाली की लगेच साचे ॲक्रिलिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर कापून ठेवा. पुढचं काम साच्यावरून करायचं, कागद पुन्हा मोजायचा नाही.

खुंट्या, तारा, पडद्याची तार, तारा अडकवायचं शेपटाकडचं पितळी तारदान हे सामान आधी विकत आणावं आणि मग आराखड्याशी ताडावं. मुंबईत धोबीतलावच्या फुर्टाडोससारख्या दुकानांत किंवा गोव्यात हे सामान मिळतं. आराखड्यात सांगितलेला नेमका नमुना मिळेलच असं नाही. म्हणून हातातलं सामान मोजून आराखड्यात बदल करायचा, तोही लाकडाला हात लावण्याआधी.

मालवणच्या हवेबद्दल मात्र कुठलाच परदेशी आराखडा काही सांगत नाही. ते आराखडे साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत काम करणाऱ्यांनी काढलेले असतात. तशा हवेत लाकडात आठ-नऊ टक्के ओल राहते. आपल्याकडे तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असते. त्या हवेत तेच लाकूड सतरा-अठरा टक्के ओल धरतं. स्प्रूस या परदेशी लाकडाच्या अडीचशे मिमी रुंद उघड्या तबलीची रुंदी एवढ्या फरकाने सुमारे तीन मिमीने वाढू शकते. कडा चिकटवलेल्या असल्यामुळे ती रुंद होऊ शकत नाही, म्हणून वर फुगते आणि तारा उंच होतात. हे तरी निभावतं. खरा धोका उलट दिशेचा आहे. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाने वाद्य चिकटवलं आणि एप्रिलमध्ये पुण्याला नेलं तर तबली आक्रसते, खचते आणि उभी चीर जाते. तेव्हा तबलीला आधारपट्ट्या चिकटवणं आणि अंग बंद करणं ही दोन कामं डिसेंबर ते मार्चच्या दरम्यानच करावीत. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र फार महाग नसतं. चिकटवण्याआधी काही दिवस लाकूड बंद कपाटात, आत एक साधा पिवळा बल्ब लावून ठेवलं तरी पुष्कळ फरक पडतो. आणि घोडी स्क्रूने वर-खाली करता येणारी घ्या, म्हणजे पावसाळ्यात तारा उतरवून घेता येतील.

लाकडाचा प्रश्नही इथेच येतो. आराखडा स्प्रूसची तबली आणि मेपलची पाठ सांगतो. पाठीला आणि कडांना फणस उत्तम आहे. दक्षिणेत वीणा आणि मृदंगासाठी तो मुद्दाम निवडतात, तेव्हा त्याच्या आवाजाबद्दल शंका नको. दांडीला जुनं, वाळलेलं सागवान घ्यावं. तबलीसाठी मात्र पहिल्या वेळी बाहेरून स्प्रूसच मागवावं असं मला वाटतं. शिवण हलकी आहे आणि हवेने कमी हलते, म्हणून ती वापरून पाहायचा मोह होईल. पण आराखड्यातली जाडी स्प्रूससाठी ठरवलेली असते, ती जशीच्या तशी शिवणीला लावता येत नाही. वापरायचीच असेल तर दोन्ही लाकडांच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापा, दोन टोकांवर टेकवा, मध्ये एक किलोचं वजन टांगा आणि किती वाकतात ते मोजा. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. एक पट्टी दुसरीपेक्षा एक तृतीयांश जास्त वाकत असेल तर ती दहा टक्के जाड ठेवली की ताठपणा सारखा होतो. तेवढी जाडी वाढवूनही तबलीचं वजन फार वाढत नसेल तर ते लाकूड कामाचं.

कुठलाच आराखडा मनासारखा मिळाला नाही तर एक जुना मार्ग उरतो: चांगलं वाद्य समोर ठेवून आपला आराखडा आपण काढायचा. गोव्यात आणि सीमेवरच्या गावांत काही घरांतून जुनी मेंडोलिनं निघतात. मालकाच्या परवानगीने तारा सैल करून घोडी काढा, अंग जाड कागदावर ठेवून पेन्सिल उभी धरून कडा गिरवा आणि मग पेन्सिलीच्या निम्म्या जाडीएवढी रेघ आत घ्या. उंची गुण्याने, जाडी आवाजाच्या भोकाशी व्हर्नियरने मोजता येते. भोकातून छोटा आरसा आणि बारीक दिवा घातला की आधारपट्ट्यांची जागा दिसते. पडदे मात्र गिरवू नका, ते गणितानेच काढा, कारण मूळ वाद्यात चूक असेल तर ती तुमच्याकडेही येईल. लॉइड लोरच्या काळातली वाद्यंसुद्धा हाताने घडलेली असल्यामुळे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. आराखडा म्हणजे एका वाद्याची नोंद आहे आणि दुसऱ्या वाद्याची नोंद तुम्ही करू शकता.

सिंधुदुर्गात कोणी मेंडोलिन घडवलंच, तर एक विनंती. कुठलं लाकूड वापरलं, जाडी किती ठेवली, कुठल्या महिन्यात चिकटवलं आणि पहिल्या पावसाळ्यानंतर घोडी किती खाली घ्यावी लागली, हे सगळं आराखड्यावर आकड्यांत लिहा आणि त्याची एक प्रत आपल्या गावच्या वाचनालयात ठेवा. फणसाच्या मेंडोलिनचा, कोकणच्या हवेत तपासलेला आराखडा पुढच्या माणसाला तिथे मिळायला हवा.